तोडणारा कुटत नाही

“तुही काच खोटं बोलते का?” असं रतनसिंगकाकांनी मला तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा रागानं, आणि तिसऱ्यांदा इतक्या हळू आवाजात की ती खोटं बोलत असती तर बरं, असं मलाच वाटून गेलं. माझी काच म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली पांढरा थर दिलेली पट्टी. झाडपाल्याच्या अर्काचा थेंब तिच्यावर ठेवायचा, पट्टी द्रवात उभी करायची आणि थेंबातलं कोणतं रसायन किती उंच चढून थांबतं ते दिव्याखाली पाहायचं. तिला खोटं बोलता येत नाही. माणसांना येतं, आणि ते किती वर्षं निभावून नेता येतं हे मला या माणसाच्या घरात कळलं.

रतनसिंगकाका मेडशीजवळच्या तांड्यावरचे बंजारा. आमच्या शेतापासून तांडा चालत अर्ध्या तासावर. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगानं काटक, बोलणं थोडं आणि तेही तिरकं. समोरच्यानं रामराम घातला की हे आधी त्याच्या पायांकडे पाहणार, तोंडाकडे मागून. माणूस कसा चालतो त्यावरून त्याचा कोणता सांधा कुरकुरतो ते सांगायचे, आणि ते सहसा चुकत नसत. माझी आई प्रयागबाई म्हणायची, “तो मानूस दारात आला की मी पाय लुगड्यात ओढून घेते.”

त्यांचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दसरा झाला की तांडा रिकामा व्हायचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाच्या यादीत कोयता लिहिलेला, खाली काकांचा अंगठा. “माह्यं नाव कागदावर कधी कामाचं म्हनून आलंच नाही,” असं ते एकदा मला म्हणाले. गंमत म्हणून म्हणाले असतील असं मला तेव्हा वाटलं. काका गमतीत फारसं काही बोलत नसत, हे नंतर ध्यानात आलं.

रामीबाई, म्हणजे आमच्या रामीकाकू, त्या कोयत्याचा दुसरा अर्धा भाग. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, अशी वीस-बावीस वर्षं. चाळिशी उलटली आणि त्यांचे गुडघे गेले. आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि तो शब्द त्या दुखण्याला जास्त शोभतो. काकू सकाळी भिंतीला धरून उठायच्या. डॉक्टरांनी सांध्यातली गादी झिजली म्हणून सांगितलं आणि काम सोडायला सांगितलं. काम सोडणं ही काही त्यांच्या हातातली गोष्ट नव्हती.

तेव्हा रतनसिंगकाका सोमलाकडे गेले. सोमला हा किन्हीराजाच्या बाजूला राहणारा म्हातारा जडीबुटीवाला, आता नाही तो. काकांनी एक पावसाळाभर त्याच्या शेळ्या चारल्या, पाणी भरलं, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे त्यानं औषध सांगितलं. निर्गुंडीचा पाला, सालईचा डिंक आणि कडुनिंबावर चढलेली गुळवेल. औषधापेक्षा त्याचे नियमच जास्त. आदल्या सांजेला झाडापाशी जायचं, हळद लावलेले तांदूळ ठेवायचे आणि ‘उद्या तुझ्याकडे काम आहे’ असं सांगून यायचं. झाडाचं नाव परक्याला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. मोबदला घ्यायचा नाही. आणि सगळ्यात पक्का नियम हा की तोडणाऱ्यानं कुटायचं नाही. तोडणाऱ्याच्या हाताला झाडाची हाय लागलेली असते, त्या हातानं दवा करायची नाही.

म्हणून काका तोडायचे आणि काकू कुटायच्या. सुकवणं, कुटणं, वस्त्रगाळ करणं, कागदाच्या पुड्या बांधणं, सगळं काकूंचं. खलबत्त्याला काकांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. पहिली पुडी काकूंनाच दिली. आठ दिवस काही नाही, मग एका सकाळी काकू भिंतीला न धरता उठल्या. पंधराव्या दिवशी त्या विहिरीवरून घागर घेऊन आल्या. तांड्यानं ते पाहिलं, मेडशीनं ऐकलं, आणि दर रविवारी काकांच्या अंगणातल्या निंबाखाली लंगडणाऱ्यांची रांग लागू लागली.

नवा रोगी आला की काकांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. ते घराकडे तोंड करून म्हणत, “रामी, चालून दाखव.” काकू हातातलं काम ठेवून बाहेर यायच्या, चुलीपासून निंबापर्यंत तरातरा चालत जायच्या आणि परत यायच्या. “हे माह्यी पहिली पुडी,” काका म्हणायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे तेज यायचं ते मी एरवी फक्त पोराला नोकरी लागलेल्या बापाच्या तोंडावर पाहिलं आहे. वीस वर्षांत काकू किती वेळा चालल्या असतील, देव जाणे.

माझे वडील बबनराव दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत जाऊन बसले. सोयाबीन सोंगून सोंगून त्यांचेही टोंगळे बोलायला लागले होते. पुडीनं त्यांना गुण आला, आणि तोही असा की दहाव्या दिवशी बाबा पलंगावरून उठून बैलांना पाणी दाखवून आले. मला बरं वाटलं, आणि मी रसायनशास्त्राची असल्यामुळे माझ्या तोंडाला पाणीही सुटलं. मी आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. सोबत पीएचडी चालू होती, विषय औषधी वनस्पतींतली रसायनं. इतका झटपट गुण देणारं औषध घराच्या कपाटात पडलेलं आणि मी पुस्तकांतून झाडं शोधत बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच घालत होते.

काका तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही भरायचं काम तेव्हा चालू होतं. गावातली झाडं, त्यांचे उपयोग आणि ते सांगणाऱ्याचं नाव असे रकाने. मी म्हटलं, “काका, तुमच्या झाडांची तपासणी करून मी अहवाल जोडते. वहीत तुमचं नाव लिहिलं जाईल, जाणकार म्हणून.”

ते बराच वेळ मातीत काडी फिरवत बसले. मग म्हणाले, “नाव सांगतलं की गुण जाते म्हनतात. पन तू बबनरावची पोरगी. तुले सांगतो.” आणि त्यांनी मला त्या सांजेला सोबत नेलं. झाडापाशी तांदूळ ठेवताना त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. मी चपला काढल्या.

झाडांनी काकांचा शब्द राखला. सालईच्या डिंकात बोस्वेलिक ॲसिड असतं, ते सूज उतरवतं. निर्गुंडीच्या पाल्यात कॅस्टिसिन नावाचं रसायन असतं, त्याचाही गुण सुजेवरच. माझ्या काचेच्या प्लेटवर दोन्ही आपापल्या उंचीला नीट उमटली. मी फोन करून सांगितलं, तेव्हा काका एवढंच म्हणाले, “म्हंजे सोमला खरं बोलला.” मागून त्यांनी तेच गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काकूंना सांगितल्याचं मला ऐकू आलं. काकूंचं उत्तर ऐकू आलं नाही.

मग मी तयार पुडी तपासली, बाबांच्या कपाटातली. झाडांच्या खुणा होत्या, पण फिकट. चिमूटभर पुडीत असून असून किती असणार? आणि त्यांच्यामध्ये एक वेगळाच ठिपका होता, गडद आणि ठसठशीत. तो तीनपैकी एकाही झाडात नव्हता. माझीच चूक असेल म्हणून भांडी धुऊन पुन्हा केलं. ठिपका तिथंच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा आमचे प्रयोगशाळा सहायक संघपालभाऊ मागे येऊन उभे राहिले. तीस वर्षं त्या खोलीत काढलेला माणूस. म्हणाले, “मॅडम, याच्या बाजूले सुजेच्या गोळीचा थेंब ठेवून पाहा. मेडिकलात भेटते ते, डेक्सा.”

ठेवला. दोन्ही ठिपके एका उंचीवर थांबले. खात्रीसाठी नमुना बाहेरच्या मोठ्या यंत्रावर पाठवला, तिथूनही तेच आलं. डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड कुठल्या झाडाला लागत नाही, कारखान्यात बनतं. मोठ्या दुखण्यात डॉक्टर ते मोजून देतात आणि मोजूनच बंद करतात. महिनोन्‌महिने पोटात गेलं की माणसाचं तोंड गोल होतं, साखर वाढते, हाडं पोखरतात.

बाबांचं तोंड दोन वर्षांत गोल झालं होतं. आई कौतुकानं सांगायची की यांनी अंग धरलं. दिवाळीत साखर निघाली, तेव्हा मी बाबांना जिलेबीवरून चार माणसांत बोलले होते. ते सगळं आठवलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसासोबत मी झाडापुढे चपला काढून उभी राहिले, त्यानं माझ्या बापाला दोन वर्षं स्टिरॉइड चारलं होतं, आणि वर तोंड करून मला तपासायला दिलं होतं.

रविवार होता. निंबाखाली दहा-अकरा माणसं बसली होती. मी गाडी लावली आणि तिथंच, सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, तुमच्या पुडीत गोळी आहे. तुम्ही लोकांना फसवता.” रागाच्या भरात आणखीही बोलले. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

काका हसले. “तुही काच खोटं बोलते का?” मी गोळीचं नाव सांगितलं. त्यांना ते नाव उच्चारतासुद्धा आलं नाही. मग त्यांचा चेहरा ताठ झाला आणि त्यांनी तेच पुन्हा विचारलं, या वेळी उभं राहून. बंजाऱ्यांच्या तीर्थाकडे, पोहरादेवीकडे, तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, “तीन झाडाशिवाय चवथं काही असन तं माह्या वंशाले दिवा नको राहू. उद्या तुह्या कॉलेजात येतो. माह्यासमोर कर.” एवढा गलका झाला तरी रामीकाकू घरातून बाहेर आल्या नाहीत. ते मला दिसलं, पण त्यातून काही समजावं इतकी मी शुद्धीवर नव्हते.

सोमवारी दहाच्या एसटीनं ते आले. स्वच्छ धोतर, हातात पिशवी, पिशवीत त्यांनी स्वतः पहाटे तोडलेली तिन्ही औषधं. तिथंही नियम मोडला नाही. खल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “तू कुट.” मी कुटलं. मग प्लेटवर तीन थेंब ठेवले. एक मी कुटलेल्याचा, एक त्यांच्या घरून आलेल्या पुडीचा, एक गोळीचा. काका स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले. संघपालभाऊंनी आणलेल्या चहावर साय धरली, त्यांनी कप उचलला नाही.

दिव्याखाली प्लेट धरली तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही उंची कळते. त्यांनी बोट न लावता एकेक ठिपका दाखवला. हा गोळीचा. हा तसाच पुडीतला. आणि मी कुटलेल्यात त्या उंचीवर काहीच नाही. तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, “तुही काच खोटं बोलते का, पोरी?”

“नाही, काका.”

“तोडलं मी. कुटलं तू. याच्यात नाही.” त्यांनी पुडीच्या ठिपक्याकडे पाहिलं. “घरी कोन कुटते?”

हे ते मला विचारत नव्हते. माझ्या हातातली प्लेट मात्र मला जड झाली. मी आदल्या दिवशी ज्याला चारचौघांत चोर म्हटलं, तो चोर नव्हता. त्याच्याच घरात चोरी झाली होती.

मी त्यांना गाडीवर तांड्यावर नेलं. वाटेत ते एकदाच बोलले. “तिले कोनी फसवून देल्ली असन,” म्हणाले. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात काय जातं?

काकू ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. घरात ती दोघं गोरबोलीत बोलतात, पण परकं माणूस असलं की वऱ्हाडीत. त्या दिवशीही काकांनी ती रीत सोडली नाही. उंबऱ्याशी उभं राहूनच विचारलं, “पुडीत गोळी तू टाकते?”

सूप थांबलं. काकू माझ्याकडे बघून मग त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, “हो.”

“कवापासून?”

“झाले असन चार-पाच सालं.”

“काहून?”

“लोकायले गुण येऊन नव्हता राह्यला. तुमी जेवन सोडलं व्हतं तवा. आठवते का?”

काका खाली बसले. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांच्या तोंडावर हळूहळू वेगळंच काही आलं. ते हिशोब करत होते, बोटांवर माणसं मोजत होते. “मेडशीचा तो शिंपी, त्याले तं पंधरा सालं झाले. तवा गोळी नव्हती ना?”

“नाही.”

“अन् रूपला नाईक?”

“नाही.”

“किन्हीराजाची मास्तरीन? ते तं जिन्यानं चढून गेल्ती.”

“नाही म्हनलं ना,” काकू म्हणाल्या. प्रत्येक ‘नाही’ आधीच्यापेक्षा लहान येत होतं. काकांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांना पंधरा वर्षं परत मिळत होती. पाच गेली तर गेली, पण पंधरा त्यांची, त्यांच्या झाडांची, त्यांच्या हाताची. एका माणसाला तेवढंही पुरलं असतं. मी तिथून उठून जायला हवं होतं.

पण माझं लक्ष काकूंच्या मनगटाकडे गेलं. कातडी पातळ कागदासारखी, त्यावर काळेनिळे डाग. आणि ते गोल तोंड, ज्याला सगळा तांडा खाऊनपिऊन सुखी म्हणायचा. तसंच तोंड मी रोज घरी बघत होते. ही गोळी एकदम बंद झाली तर माणूस जागच्या जागी कोसळतो, जिवानिशीही जातो. विचारणं भाग होतं. मी विचारलं, “काकू, तुम्ही स्वतः किती खाता?”

“ते कायले खाईन?” काकाच म्हणाले. “तिले तं पुडीनं गुण आला. तवा कुठं गोळी व्हती.”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. मांडीवरचा कोंडा झटकला. मग खाली मान घालून एका दमात बोलत गेल्या.

“म्या आठ दिवस खाल्ली तुमची पुडी. काहीच गुण नाही आला. तुमी तांडाभर सांगून राह्यले व्हते का आता रामी उठन. पावसाळाभर त्या म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या तुमी माह्यासाठी. मंग चंदानं मले गोळी देल्ली, तिले कारखान्याजवळच्या डॉक्टरनं देल्ती. दुसऱ्या दिवशी मी उठली. तुमी पाह्यलं अन् ढसाढसा रडले. मंग मले सांगताच नाही आलं.”

“अन् लोकायले?”

“लोकं माहं चालनं पाहून आले ना. त्यायले गुण नसता आला तं तुमी खोटे पडले असते. पहिल्याच रविवारपासून टाकते मी. मालेगावच्या बाजारातून आनते.”

चंदा म्हणजे शेजारची, ऊसतोडीत यांच्याच टोळीत असलेली. तिला माहीत होतं. मेडिकलवाल्याला माहीत होतं. वीस वर्षं दर रविवारी निंबाखाली बसणाऱ्या एकट्या माणसाला माहीत नव्हतं. काका उठले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, “वीस सालं तू मले चालून दाखवत राह्यली.” काकू रडायला लागल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी मध्ये बसून दोघांपैकी कुणाचा राग करावा ते ठरवत होते आणि मला कुणाचाच नीट करता येत नव्हता.

पुढचे पंधरा दिवस काका गावोगाव फिरले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी हळूहळू कमी करत आणावी लागेल, म्हणून प्रत्येकाला गाठणं गरजेचं होतं. चार दिवस मीही सोबत होते. ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, “माह्या पुडीत गोळी व्हती. एकदम बंद करू नका, दवाखान्यात जा.” कुणी टाकली ते एकाही दारात सांगितलं नाही. मेडशीत एकानं त्यांना आईवरून शिवी दिली. एका बाईनं दार लावून घेतलं. शिव्या त्यांनी शांतपणे घेतल्या. त्यांचा चेहरा उतरला तो दुसऱ्याच गोष्टीनं. निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, असू दे गोळी, पुडी द्या.

आमच्या घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर होते. काकांनी तेच सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग काय झालं, रतनसिंगभाऊ? गुण तं येते ना. अखीन असन तं द्या. नाही तं गोळीचं नाव सांगा.”

मी काकांकडे पाहिलं आणि मला माझ्या बापाची लाज वाटली. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे डोंगर चढून, झाडापुढे पागोटं काढून त्या माणसानं पाला आणला होता. तो पाला कुणालाच नको होता. काकूंनी केलं त्यात निदान माया होती. आम्ही बाकीच्यांनी तर नुसतं खाल्लं. बाबांना दवाखान्यात नेऊन गोळी कमी करायला दीड महिना लागला आणि रोज भांडण झालं.

ग्रामसेवकानं नोंदवहीची विचारणा केली. माझ्याकडे झाडांचा अहवाल तयार होता आणि तो खरा होता. झाडांत रसायनं होती, फक्त चिमूटभर पुडीत झिजलेला सांधा उठवण्याइतकी नव्हती. मी काकांना म्हटलं, नाव लिहू का? ते म्हणाले, “नको. कागद कोरा राहू दे.” इकडे माझ्या गाइडला मात्र भेसळीचा भाग फार आवडला. त्यावर प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण झालं. मी त्यात ‘एका गावातील नमुना’ असं लिहिलं, काकांची बदनामी नको म्हणून. नाव कागदावर यावं म्हणून त्यांनी मला झाडं सांगितली, आणि मी नाव गाळून कागद पुरा केला. तेही त्यांच्या भल्यासाठीच. रामीकाकूंना नावं ठेवायला मी कोण?

मागच्या महिन्यात काकूंची गोळी आणखी कमी करायची होती. मी दोघांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. काकूंचे टोंगळे पुन्हा सुजले होते, काकांनी त्यांना धरून बाकावर बसवलं. तीन महिने ते त्यांचं सगळं करत होते, पाणी तापवणं, भाकरी थापणं, डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच गोळी मोजून हातावर ठेवणं. फक्त बोलत नव्हते.

बाकावर बसून काकू म्हणाल्या, “शिव्या तरी द्या. तुमच्या नावासाठीच केलं म्या.”

काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आजही बोलणार नाहीत. पण बोलले, आणि आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ऐकायला सोपं गेलं असतं.

“नाव गेलं त्याचं काही नाही, रामी. सोमलापाशी टोंगळ्याचे बारा इलाज व्हते. सगळे एकदम कोनाले सांगत नसे. मले पहिला देल्ला अन् म्हने, याच्यानं गुण नाही आला तं परत ये, दुसरा सांगतो. त्याच्यानं नाही आला तं तिसरा. चार सालं तो जिता व्हता तिकडे, किन्हीराजाले.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

“तू चालली,” काका म्हणाले, “म्हनून मी परत गेलोच नाही.”